अंगठा आधी, गाणे नंतर

वाढदिवसाला मुलांना काय द्यावे, या प्रश्नाला हल्ली अनेक घरांत एक नवे उत्तर मिळू लागले आहे: युकुलेले. गिटारचे धाकटे भावंड वाटावे असे हे चार तारांचे वाद्य. किंमत आटोक्यातली, वजन नगण्य, तारा नायलॉनसारख्या मऊ असल्याने कोवळ्या बोटांना फारशा न काचणाऱ्या, आणि आवाज इतका मवाळ की शेजाऱ्यांनी तक्रार करू नये. पहिल्या आठवड्यात मूल दोन-तीन कॉर्ड शिकते, सगळ्या तारांवरून एकदम हात फिरवून एखादे गाणे कसेबसे म्हणते, घरचे कौतुक करतात. मग मोबाईलवर कुणीतरी एकेक तार बोटांनी अलगद छेडत वाजवताना दिसते. तेच आपल्यालाही यावे असे वाटू लागते, आणि नेमकी तिथेच गाडी अडते. बोटे एकमेकांत गुंततात, ठेका सुटतो आणि दुसऱ्या महिन्यात वाद्य कपाटावर जाते.

एकेक तार वेगळी छेडण्याच्या या पद्धतीला फिंगरपिकिंग म्हणतात. ते अवघड आहे असे नव्हे, पण ज्या क्रमाने शिकायला हवे तो क्रम बहुतेकांना कुणी सांगत नाही. आणि मराठी घरांत तर त्याची अर्धी शिकवण आधीपासूनच असते, हे फार थोड्यांच्या लक्षात येते.

बोटीतून आलेले वाद्य

युकुलेले हवाई बेटांचे म्हणून ओळखले जाते, पण त्याचे आजोळ पोर्तुगालचे मदैरा बेट. २३ ऑगस्ट १८७९ रोजी 'रेव्हन्सक्रॅग' हे जहाज मदैराचे चारशेहून अधिक स्थलांतरित घेऊन होनोलुलूला पोहोचले. उसाच्या मळ्यांत मजुरी करायला आलेली ही माणसे. त्यांच्यात मान्युएल नुनेस, आउगुस्तो दियास आणि जुझे दो इश्पिरितु सांतु हे तिघे सुतारकाम जाणणारे कारागीर होते. मदैरातील 'माशेत' या चार तारांच्या छोट्या वाद्यावरून त्यांनी हवाईच्या लाकडात जे वाद्य घडवले, ते म्हणजे युकुलेले. राजा कालाकाउआने त्याला दरबारात मान दिला. १९१५ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या मोठ्या प्रदर्शनात अमेरिकेने ते ऐकले आणि तिकडे त्याची साथच पसरली. हवाईयन लोक 'उडती पिसू' असा त्याच्या नावाचा अर्थ सांगतात. तारांवर उड्या मारणारी बोटे पाहिली की नाव पटते.

भारतात हवाईची गिटार बरीच आधी आली. ताउ मो हे हवाईयन वादक १९४०च्या दशकात सहकुटुंब कलकत्त्यात राहत होते. ती गिटार पुढे आपल्या रागदारीत आणि सिनेसंगीतातही रुळली. युकुलेले मात्र सर्वसामान्य घरांत पोहोचायला एकविसावे शतक उजाडावे लागले.

गुढियारीतला तंबोरा

रायपूरला रेल्वेच्या रुळांपलीकडे गुढियारी ही गजबजलेली वस्ती आहे. छत्तीसगडात मराठी माणूस काही नवा नाही. अठराव्या शतकात नागपूरकर भोसल्यांचा अंमल इकडे आला, तेव्हापासूनची घराणी इथे आहेत, आणि रायपूरचे महाराष्ट्र मंडळही १९३५ पासूनचे. गुढियारीत माझ्या एका मावसबहिणीचे घर आहे. तिची नववीतली मुलगी युकुलेले घेऊन असाच हट्टाने बसायची आणि दहा मिनिटांत डोळ्यांत पाणी आणून उठायची. "तिला नाही जमायचं, देऊन टाकू कुणाला तरी," इथवर गोष्ट आली होती. मुलगी मुळातच अबोल. वर्गात चारचौघांसमोर काही करून दाखवावे, असे तिला वाटलेली ही पहिलीच गोष्ट होती, म्हणून आईचा जीव अधिक तुटत होता.

घरात आजी आहेत. तरुणपणी गाणे शिकलेल्या, आता आवाज थकलेला. पण तंबोरा अजून कोपऱ्यात गवसणीत उभा. नातीची धडपड त्या रोज पाहत होत्या. एके दिवशी त्यांनी गवसणी काढली, तंबोरा जुळवला आणि नातीच्या हाती दिला. गायचे नाही, डावा हात वापरायचा नाही, फक्त छेडत राहायचे. पहिली तार मधल्या बोटाने, उरलेल्या तिन्ही तर्जनीने. प, सा, सा आणि शेवटी खर्जाचा सा. पुन्हा तेच, पुन्हा तेच. पंधरा मिनिटांनी मुलीने विचारले, "आजी, आणखी किती वेळ?" तर आजी म्हणाल्या, "तुझं लक्ष बोटांवरून उडेपर्यंत."

या उत्तरात सगळी मेख आहे. मैफलीत गायक थांबतो, खोकतो, पाणी पितो; तंबोरा थांबत नाही. तो तालाशीही बांधलेला नसतो, आपल्या संथ गतीने फिरत राहतो. म्हणजे छेडणारा हात इतका सवयीचा होतो की त्याच्याकडे पाहावे लागत नाही. युकुलेलेवर नेमके हेच हवे असते. मुले मात्र डाव्या हाताने कॉर्ड बदलायची, उजव्याने बोटे फिरवायची आणि तोंडाने गायचे, ही तिन्ही कामे पहिल्याच दिवशी एकदम करू पाहतात.

चार-तीन-दोन-एक

तेव्हा पहिला आठवडा डाव्या हाताला सुट्टी. तारा मोकळ्याच ठेवायच्या. वाद्य मांडीवर घेतले की हनुवटीकडची तार चौथी आणि जमिनीकडची पहिली. अंगठा चौथीवर, तर्जनी तिसरीवर, मधले बोट दुसरीवर, अनामिका पहिलीवर. करंगळीला काम नाही. छापील धड्यांत यांना पी, आय, एम, ए अशी अक्षरे दिलेली असतात. ती बोटांच्या स्पॅनिश नावांची आद्याक्षरे आहेत. बोटाने तार ओढून वर उचलायची नाही, तळहाताच्या दिशेने हलकेच दाबून सोडायची.

तोंडाने तारांचे आकडे म्हणत वाजवावे: चार-तीन-दोन-एक. ते सरळ झाले की परतीची वाट जोडायची: चार-तीन-दोन-एक-दोन-तीन. मोजून पाहा, सहा झाले. म्हणजे आपला दादराच. धा धीं ना, धा तीं ना. 'धा'वर कधी चौथी तार येते, कधी पहिली. घरात तबला ऐकलेल्या मुलाला हे सांगितले की ठेका आपोआप बसतो. 'सिक्स-एट टाइम' असे सांगून बसत नाही, हा माझा अनुभव आहे. वेग मिनिटाला साठ ठोक्यांहून अधिक नको. मोबाईलवर ठोके देणारे मेट्रोनोम फुकट मिळते. रविवारी तासभर बसण्यापेक्षा रोज सकाळ-संध्याकाळ दहा-दहा मिनिटे बसलेले केव्हाही चांगले.

दुसरा क्रम आठ मात्रांचा, केरव्याच्या अंगाचा. यात अंगठ्याला दोन तारा सांभाळाव्या लागतात, चौथी आणि तिसरी. तर्जनी दुसरीवर जाते, मधले बोट पहिलीवर. क्रम असा: चार-दोन-तीन-एक, चार-दोन-तीन-एक. एक सोडून एक मात्रा अंगठ्याची. केंटकीचे गिटारवादक मर्ल ट्रॅव्हिस (१९१७-१९८३) यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या वादनाचे हे सोपे रूप. ट्रॅव्हिस तर मुख्यत्वे अंगठा आणि तर्जनी एवढ्यावरच वाजवत. त्यांचा अंगठा घड्याळाच्या लंबकासारखा चालत राही आणि सूर त्याच्या अवतीभोवती खेळत. अंगठा एकट्याने चालू लागल्याशिवाय इतर बोटे जोडू नयेत. एक दिवस फक्त चार-तीन, चार-तीन वाजवावे. कंटाळवाणे आहे, पण करावे.

उलटी तार

गिटारची पुस्तके पाहून युकुलेले शिकणाऱ्यांची इथे फसगत होते. गिटारवर अंगठ्याकडे जाड, खर्जातल्या तारा असतात. युकुलेलेची चौथी तार मात्र खर्जाची नसतेच. पांढरी एकला सा धरला तर चौथीपासून पहिलीपर्यंत स्वर येतात प, सा, ग, ध. त्यातला प वरचा, म्हणजे पहिल्या तारेच्या ध पेक्षा एकच स्वर खाली. सर्वांत खालचा सा तिसऱ्या तारेवर. म्हणून अंगठ्याचे वजन चौथीपेक्षा तिसरीवर थोडे अधिक ठेवावे, तर वाजवण्याला बूड येते. स्वरांच्या चढत्या क्रमाने तारा नसणे हे आपल्याला विचित्र वाटायचे कारण नाही. तंबोऱ्यातही खर्ज सर्वांत शेवटीच असतो.

या प-सा-ग-ध चा आणखी एक फायदा. घरात पेटी असेल तर मधल्या सप्तकातील पांढरी पाच, एक, तीन आणि सहा दाबून युकुलेले जुळवता येते. मोबाईलवरचे ट्यूनर आहेच, पण कानाने जुळवण्याची सवय लागली तर सोने. नव्या तारा काही दिवस ताणल्या जाऊन उतरत राहतात. वाद्य खराब निघाले असे समजू नये.

डावा हात येतो तेव्हा

उजवा हात न पाहता चालू लागला की कॉर्ड घ्याव्यात. आधी सी: पहिल्या तारेवर तिसऱ्या पडद्यापाशी अनामिका. मग ए मायनर: चौथ्या तारेवर दुसऱ्या पडद्यापाशी मधले बोट. तेच बोट ठेवून दुसऱ्या तारेवर पहिल्या पडद्यापाशी तर्जनी टेकवली की झाला एफ. या तिघांवर महिना सहज जातो.

इथला नियम एकच, पण कठोर. कॉर्ड बदलताना उजवा हात थांबवायचा नाही. डावे बोट वेळेवर पोहोचले नाही, बेसूर तार वाजली, वाजू द्यावी. पुढच्या फेरीत बोट पोहोचेल. गुढियारीच्या त्या मुलीची अडचण हीच होती. चूक झाली की ती थांबे आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करी. त्यामुळे गाण्याची पहिली ओळ शंभरदा वाजली आणि दुसरी कधीच नाही. तंबोऱ्यानंतर ती थांबेनाशी झाली. सी वरून ए मायनरवर जाताना अजून अडखळते, पण अंगठा चालू असतो. गेल्या गणपतीत घरच्या आरतीनंतर तिने दोन गाणी वाजवली. गायली मात्र आजीच, थकल्या आवाजात.

गाणे आणि छेडणे एकत्र आणणे हा शेवटचा घाट. आधी चालत्या बोटांवर आकडे मोजावेत, मग गाण्याचे शब्द नुसते बोलावेत, मग गुणगुणावे, आणि मग मोकळ्या आवाजात गावे. आपल्याकडे सप्ताहात वीणेकरी उभ्याने तार छेडत तासन्‌तास नाम घेतो. छत्तीसगडच्या तीजनबाई हातात तंबुरा घेऊन पंडवानीत आख्खे महाभारत उभे करीत. २०१९ साली त्यांना पद्मविभूषण मिळाले. त्यांचा तंबुरा कधी भीमाची गदा होई, कधी धनुष्य. एवढा अभिनय करणारा माणूस बोटांकडे बघत बसेल का?

वाद्य घ्यायचे असेल तर लहान मुलाला सोप्रानो पुरते. पण बोटे वेगवेगळी चालवायची तर तारांमध्ये जागा थोडी जास्त हवी, म्हणून दहा-बारा वर्षांपुढच्यांना कॉन्सर्ट किंवा टेनर आकाराचे घ्यावे. बॅरिटोन घेऊ नये. त्याची जुळणी वेगळी, वरचे आकडे आणि कॉर्ड त्याला लागू पडणार नाहीत. डाव्या हाताची नखे अगदी बारीक कापलेली असावीत. उजव्या हाताची किंचित वाढलेली चालतात, नसली तरी बोटाच्या मऊ टोकाने गोड आवाज निघतो. कुणाला खर्जातला प हवासा वाटलाच, तर 'लो जी' नावाची चौथी तार वेगळी मिळते. पण ती पहिल्या वर्षी घेऊ नये.