जीटीएक्स १०६० आणि आरएक्स ५८०: गैरसमज आणि वस्तुस्थिती

एनव्हिडिया कंपनीने जुलै २०१६ मध्ये बाजारात आणलेले जीटीएक्स १०६० आणि एएमडी कंपनीने एप्रिल २०१७ मध्ये आणलेले आरएक्स ५८० ही दोन ग्राफिक्स कार्डे मध्यम किमतीच्या गटात एकमेकांची थेट प्रतिस्पर्धी होती. त्या वेळी पहिल्याच्या ६ जीबी मेमरीच्या आवृत्तीची जाहीर किंमत २४९ डॉलर, तर दुसऱ्याच्या ८ जीबी आवृत्तीची २२९ डॉलर होती. दोन्हींचे उत्पादन केव्हाच थांबले असले, तरी मुंबईच्या लॅमिंग्टन रोडसारख्या बाजारांत आणि वापरलेल्या वस्तूंच्या खरेदी-विक्रीत ती अजून हातोहात फिरतात, आणि ती घेणारा ग्राहक बहुधा मोजक्या पैशांत पहिला गेमिंग संगणक जुळवणारा विद्यार्थी असतो. चुकीच्या समजुतीची किंमत अशा ग्राहकालाच सर्वांत जास्त मोजावी लागते, म्हणून या दोन कार्डांविषयी रूढ झालेल्या काही समजुती तपासून पाहणे अगत्याचे आहे.

सर्वांत पक्का रुजलेला गैरसमज असा की, ज्या कार्डाचे टेराफ्लॉप्स जास्त ते कार्ड तेवढ्याच प्रमाणात वेगवान. एका सेकंदात दशांश संख्यांवरील किती क्रिया पार पडू शकतात याचे माप फ्लॉप्समध्ये सांगतात, आणि एक टेराफ्लॉप म्हणजे सेकंदाला एक लाख कोटी क्रिया. हा आकडा प्रत्यक्ष चाचणीतून येत नाही, तर गणनाघटकांची संख्या, त्यांचा वेग आणि चिपच्या घड्याळाच्या दर ठोक्याला होणाऱ्या दोन क्रिया यांच्या गुणाकारातून येतो. आरएक्स ५८० मध्ये २३०४ गणनाघटक असून त्यांचा कमाल जाहीर वेग १३४० मेगाहर्ट्झ आहे, म्हणून त्याचा आकडा ६.१७ टेराफ्लॉप्स निघतो. जीटीएक्स १०६० मध्ये १२८० घटक १७०८ मेगाहर्ट्झने चालतात, म्हणून त्याचा आकडा ४.३७ भरतो. कागदावर ही तफावत चाळीस टक्क्यांहून अधिक आहे, पण प्रत्यक्ष खेळांत दोन्ही कार्डे बहुतेक वेळा एकमेकांच्या अगदी जवळ राहतात, आणि कधी हे पुढे तर कधी ते.

याचे कारण चिपच्या रचनेत आहे. एएमडीच्या त्या पिढीच्या रचनेत ६४ धाग्यांचा, म्हणजे समांतर चालणाऱ्या कामांचा, एक गट १६ घटकांच्या पट्टीवर चार ठोक्यांत पुढे सरकतो, त्यामुळे काम भरपूर आणि एकसारखे असेल तेव्हाच सर्व घटक गुंतलेले राहतात; खेळातील काम मात्र तुकड्या-तुकड्यांनी येते आणि काही घटक रिकामे राहतात. शिवाय तयार झालेले रंगबिंदू अखेर मेमरीत उतरवणारे घटक जीटीएक्स १०६० मध्ये ४८, तर आरएक्स ५८० मध्ये ३२ आहेत, म्हणजे या टप्प्यावर लहान दिसणारे कार्डच वरचढ ठरते. मेमरीच्या वेगाचेही तसेच आहे. आरएक्स ५८० ची मेमरी सेकंदाला २५६ जीबी आणि जीटीएक्स १०६० ची १९२ जीबी माहिती वाहून नेते, परंतु एनव्हिडियाची चिप रंगांची माहिती अधिक परिणामकारकपणे आवळून पाठवत असल्याने ही दरी बरीच भरून निघते. एकाच कंपनीच्या, एकाच पिढीच्या दोन कार्डांची तुलना करताना टेराफ्लॉप्सचा आकडा उपयोगी पडतो. दोन वेगळ्या रचनांची तुलना त्यावरून करणे सर्वथा चूक आहे.

कोणते कार्ड कुठे पुढे जाते हे मुख्यतः खेळ कोणत्या माध्यमातून कार्डाशी बोलतो यावर ठरते. डायरेक्टएक्स ११ या जुन्या माध्यमात एएमडीचा ड्रायव्हर, म्हणजे खेळ आणि कार्ड यांच्यामधील दुभाषी आज्ञावली, मुख्य प्रोसेसरच्या एकाच गाभ्यावर फार भार टाकत असे, म्हणून जीटीए ५ सारख्या खेळात आणि जुन्या प्रोसेसरबरोबर जीटीएक्स १०६० सरस ठरते. डायरेक्टएक्स १२ आणि व्हल्कन या नव्या माध्यमांत हा भार अनेक गाभ्यांवर वाटला जातो आणि आरएक्स ५८० चे रिकामे राहणारे घटक कामाला लागतात. २०१६ च्या डूम या खेळाला व्हल्कनची जोड मिळताच याच घराण्यातील आरएक्स ४८० ची कामगिरी लक्षणीय वाढली, ती याच कारणाने. ज्याच्या संगणकात जुना चार गाभ्यांचा प्रोसेसर आहे आणि जो मुख्यतः जुने खेळ खेळणार आहे, त्याचे उत्तर त्यामुळे इतरांहून वेगळे असू शकते.

नाव एक म्हणजे कार्ड एक, या समजुतीने मात्र सर्वांत जास्त नुकसान केले आहे, आणि त्याचा दोष ग्राहकापेक्षा कंपन्यांकडे अधिक जातो. जीटीएक्स १०६० ची ३ जीबी आवृत्ती केवळ मेमरीने कमी आहे असे नावावरून वाटते, पण तिच्यातील गणनाघटकही ११५२ च आहेत. एएमडीने २०१८ मध्ये चीनच्या बाजारासाठी आरएक्स ५८० याच नावाने २०४८ घटकांचे कार्ड काढले, जे गुणांनी त्याखालच्या आरएक्स ५७० च्या जातीचे आहे आणि आता इतर देशांतही सर्रास मिळते. उलट बाजूने, आरएक्स ४८० आणि आरएक्स ५८० यांत २३०४ घटक समान आहेत आणि फरक मुख्यतः वेगाचा आहे, म्हणून चांगल्या स्थितीतील ८ जीबी आरएक्स ४८० स्वस्तात मिळत असेल तर ते सोडण्याचे कारण नाही. काही विक्रेते तर फार जुन्या चिपच्या कार्डात खोटी माहिती भरून ते जीटीएक्स १०६० म्हणून खपवतात. यावरचा उपाय साधा आहे: जीपीयू-झेड ही मोफत आज्ञावली विक्रेत्यासमोर चालवावी आणि घटकांची संख्या, मेमरीचे प्रमाण आणि मेमरीमार्गाची रुंदी तपासावी, जी जीटीएक्स १०६० ला १९२ बिट आणि आरएक्स ५८० ला २५६ बिट असायला हवी. अनेक बनावट कार्डे ही आज्ञावली स्वतःच ओळखून तसे दाखवते.

मेमरी जास्त म्हणजे वेग जास्त, हीदेखील अर्धवट समजूत आहे. खेळाला ५ जीबी पुरत असतील तर ६ आणि ८ जीबीत काहीच फरक पडत नाही. गरज मर्यादेच्या पलीकडे गेली की मात्र माहिती संगणकाच्या मुख्य मेमरीतून आणावी लागते आणि चित्र झटके खाऊ लागते. हे झटके सरासरी फ्रेमसंख्येत फारसे दिसत नाहीत, म्हणून चाचणीचा अहवाल वाचताना सरासरीइतकेच सर्वांत हळू एक टक्का फ्रेम किती वेगाने आल्या हेही पाहावे. पृष्ठभागांची चित्रे उच्च दर्जाची ठेवायची असतील तर नव्या खेळांत ८ जीबीचा फायदा खरा आहे, आणि ३ जीबीचे कार्ड तर आता कोणत्याही किमतीत टाळावे.

क्रिप्टो खाणकामात राबलेले कार्ड निकामीच असते, असे सरसकट म्हटले जाते. इथेरियम या क्रिप्टो चलनाच्या जाळ्याचे खाणकाम १५ सप्टेंबर २०२२ रोजी त्या जाळ्याची पद्धत बदलल्याने संपले, आणि तोवर त्यात वापरली गेलेली असंख्य कार्डे बाजारात आली. त्यांत ८ जीबीची आरएक्स ५८० विपुल होती, कारण डिसेंबर २०२० नंतर त्या कामाला ४ जीबी पुरेनाशी झाली. जाणते खाणकामगार चिपचा वेग आणि व्होल्टेज उतरवून ठेवत, त्यामुळे चिपवरचा ताण वाटतो तेवढा नसतो. झिजतात ते पंखे, सुकते ती उष्णतावाहक पेस्ट आणि मेमरीवरील उष्णतावाहक पट्ट्या, आणि त्रास देते ती बदललेली बायोस, म्हणजे कार्ड सुरू होताना त्याचे वेग ठरवणारी अंगभूत आज्ञावली. मूळ बायोस पुन्हा घालून, पेस्ट बदलून अर्धा तास जड खेळ चालवला आणि पडद्यावर ठिपके किंवा रेघा उमटल्या नाहीत, तर असे कार्ड नाकारण्याचे कारण उरत नाही.

विजेचा प्रश्न थोडक्यात आटोपतो. जीटीएक्स १०६० ची मर्यादा १२० वॅट आणि आरएक्स ५८० ची १८५ वॅट आहे. रोज चार तास खेळणाऱ्याला ६५ वॅटचा फरक वर्षाला सुमारे ९५ युनिट पडतो. बिलापेक्षा एसएमपीएसचा, म्हणजे संगणकाला वीज पुरवणाऱ्या भागाचा, विचार महत्त्वाचा, कारण आरएक्स ५८० ला सहसा आठ पिनांची जोडणी लागते आणि स्वस्त, बेनामी एसएमपीएस तो भार पेलत नाही.

जुने कार्ड चालते तोवर चालेल, ही शेवटची समजूत ड्रायव्हरच्या बाबतीत खोटी ठरते. एएमडीने या पिढीचे ड्रायव्हर २०२३ मध्येच वेगळ्या, मोजक्या दुरुस्त्यांच्या शाखेत टाकले. जीटीएक्स १०६० च्या पिढीसाठी नव्या खेळांनुरूप ड्रायव्हरची अखेर एनव्हिडियाने ऑक्टोबर २०२५ ही जाहीर केली, आणि त्यानंतर तीन वर्षे फक्त सुरक्षेच्या दुरुस्त्या. शिवाय २०२४ मधील इंडियाना जोन्स अँड द ग्रेट सर्कल सारखा खेळ किरणमागोव्याची, म्हणजे प्रकाशकिरणांचा मार्ग मोजण्याची, सोय चिपमध्येच असावी अशी अट घालतो, आणि ती या दोन्ही कार्डांत नाही. लिनक्स वापरणाऱ्याची स्थिती मात्र निराळी आहे: आरएक्स ५८० चे तेथील ड्रायव्हर मुक्तस्रोत असून कंपनीबाहेरचे विकासकही त्यांत भर घालतात, तर एनव्हिडियाने २०२२ मध्ये खुला केलेला ड्रायव्हरचा भाग जीटीएक्स १०६० च्या नंतरच्या पिढ्यांपुरताच आहे. म्हणून लिनक्ससाठी कार्ड घेणाऱ्याने, २३०४ घटकांची खात्री करून, आरएक्स ५८० च घ्यावे.