अमेरिकन लोकसत्ता आणि सत्ताधारी वर्ग : मराठी विचारातील एक प्रश्न

लोकांनी निवडलेले शासन हे लोकांचे शासन असतेच काय, हा राज्यशास्त्रातील जुना प्रश्न होय. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांविषयी तो तेथील अभ्यासकांनी वारंवार उपस्थित केला. परंतु महाराष्ट्रातील विचारवंतांनीही तो स्वतःच्या गरजेतून विचारला होता. प्रस्तुत लेखात या दोन धारांचा परस्परसंबंध थोडक्यात स्पष्ट करण्याचा हेतू आहे.

जोतीराव फुले यांनी 1873 साली ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अमेरिकेतील सदाचारी लोकांना, त्यांनी गुलामांच्या मुक्ततेसाठी दाखविलेल्या औदार्याबद्दल, अर्पण केला. हे अर्पण तेथील लोकांना आहे, शासनाला नव्हे, हा भेद ध्यानात ठेवण्याजोगा आहे. कारण पुढे चारच वर्षांत, 1877 साली, दक्षिणेकडील संस्थानांतील कृष्णवर्णीयांच्या हक्कांमागे असलेला संघीय लष्कराचा आधार काढून घेण्यात आला, आणि जुन्या जमीनदार वर्गाच्या हाती सत्ता पुन्हा दृढ झाली. वंशावरून मताधिकार नाकारता येणार नाही, ही 1870 सालची घटनादुरुस्ती रद्द झाली नाही. मतदान-कर आणि साक्षरतेच्या परीक्षा यांच्या योगे ती निष्प्रभ करण्यात आली. तो हक्क प्रत्यक्षात येण्यास 1965 सालचा कायदा व्हावा लागला. घटनेतील अक्षर कायम राहूनही सत्तेचे स्थान बदलू शकते, हा यातील बोध.

पंडिता रमाबाई 1886 ते 1888 या काळात अमेरिकेत होत्या. 1889 साली प्रसिद्ध झालेल्या ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिति आणि प्रवासवृत्त’ या ग्रंथात त्यांनी तेथील प्रजासत्ताकाची मनःपूर्वक प्रशंसा केली, तथापि वर्णभेद आणि स्त्रियांचे राजकीय परावलंबन यांवर पांघरूण घातले नाही. त्यांनी तो देश सोडला त्या 1888 सालीच ग्रोव्हर क्लीव्हलंड यांना देशभरात अधिक मते मिळूनही अध्यक्षपद बेंजामिन हॅरिसन यांच्याकडे गेले. निर्णय मतदारांच्या बेरजेने नव्हे, तर निर्वाचक मंडळाने होतो. 2000 आणि 2016 साली हेच घडले.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर 1913 साली कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. त्याच वर्षी सिनेटच्या सभासदांची निवड संस्थानांच्या विधिमंडळांकडून काढून थेट मतदारांकडे देणारी घटनादुरुस्ती संमत झाली, आणि त्याच विद्यापीठातील चार्ल्स बिअर्ड यांनी 1787 च्या घटनेची आर्थिक मीमांसा प्रसिद्ध केली. घटनाकारांपैकी अनेकांचे हितसंबंध सरकारी कर्जरोखे, व्यापार आणि सावकारी यांत गुंतलेले होते व घटनेच्या रचनेत त्यांचे प्रतिबिंब पडले, असा त्यांचा सिद्धान्त. रॉबर्ट ब्राउन (1956) आणि फॉरेस्ट मॅक्डोनल्ड (1958) यांनी त्याच्या पुराव्यावर कठोर आक्षेप घेतले. उत्तर असे डळमळले, तरी प्रश्न टिकला. 1956 साली सी. राइट मिल्स यांनी उद्योग, लष्कर आणि शासन यांच्या शिखरावरील मंडळी एकच असल्याचे प्रतिपादिले. रॉबर्ट डाल यांनी 1961 साली न्यू हेवन शहराच्या अभ्यासावरून, निरनिराळ्या निर्णयांत निरनिराळे गट प्रभावी ठरतात, असे उत्तर दिले.

आंबेडकरांनी 1945 सालच्या काँग्रेस व गांधी यांच्यावरील ग्रंथात परदेशीय वाचकांना उद्देशून एक प्रकरण लिहिले आहे. त्याचा मथितार्थ असा की, प्रौढ मताधिकार आणि नियमित निवडणुका यांनी शासक वर्ग आपोआप नाहीसा होत नाही. दास्याची सवय जडलेला समाज त्यालाच आपला स्वाभाविक नेता मानून निवडून देतो. म्हणून स्वराज्य मिळाले काय, एवढे विचारून भागत नाही. ते कोणाच्या हाती पडले, हे विचारावे लागते. 1946 साली त्यांनी डब्ल्यू. ई. बी. डु बॉइस यांना पत्र लिहून कृष्णवर्णीयांच्या संयुक्त राष्ट्रांकडील अर्जाची चौकशी केली, ती याच दृष्टीने.

अमेरिकेविषयी संशय बाळगणे सोपे आहे. तीच कसोटी घरी लावणे कठीण. नामपूरच्या बाजार आवारात कांदा आणणाऱ्या शेतकऱ्याचे उदाहरण घ्यावे. 2023 साली राज्यात झालेल्या बाजार समित्यांच्या निवडणुकांत 18 संचालकांपैकी 11 जण सहकारी सोसायट्यांच्या संचालकांनी, 4 ग्रामपंचायत सदस्यांनी, 2 व्यापारी व अडत्यांनी, तर 1 हमाल-मापाऱ्यांनी निवडावयाचा होता. माल शेतकऱ्याचा, मत मात्र त्याने अन्यत्र निवडलेल्या व्यक्तीचे. 1913 पूर्वीच्या सिनेटची रचना याच जातीची होती. 2017 साली शेतकऱ्यांना थेट मताधिकार देणारी दुरुस्ती झाली आणि 2020 साली ती मागे घेण्यात आली. अप्रत्यक्ष निवडणुकीस खर्च कमी येतो, हे तिच्या बाजूने म्हणता येईल. परंतु मतदारसंख्या जितकी लहान, तितकी ती मोजक्या घराण्यांना वश करणे सुलभ, हेही नाकारता येत नाही.

मात्र थेट मत मिळाले की वर्गसत्ता संपली, असेही समजू नये. अमेरिकेच्या सिनेटचा 1913 नंतरचा इतिहास तसे सांगत नाही. तेव्हा अभ्यासकाने कोणत्याही लोकसत्तेपुढे तीन प्रश्न ठेवावेत : मत कोणाला आहे, उमेदवार कोण ठरवितो, आणि निर्णयाचा लाभ कोणाच्या पदरी पडतो. पहिल्याचे उत्तर कायद्याच्या पुस्तकात सापडते. उरलेल्या दोहोंसाठी वॉशिंग्टनइतकाच नामपूरचाही अभ्यास करावा लागेल.