चड्डी खराब होते, तो आळस नव्हे

पाच-सहा वर्षांचे मूल पुन्हा चड्डी खराब करू लागले की घरात पहिला संशय आळसाचा येतो, दुसरा जुलाबाचा. बहुतेकदा दोन्ही चुकीचे ठरतात. मूळ दुखणे जुनाट बद्धकोष्ठतेचे असते.

सुरुवात साधी असते. एकदा शौचाला खडा होऊन दुखते, किंवा शाळेतील शौचालय अस्वच्छ असते, आणि मूल शौच रोखू लागते. पाय आवळून, टाचा उचलून कोपऱ्यात उभे राहिलेले मूल कुंथत नसते, रोखत असते. रोखलेल्या मलातील पाणी आतडे शोषून घेते. पुढची वेळ अधिक दुखते. हळूहळू मलाशय ताणले जाऊन त्याची जाणीव बोथट होते आणि साचलेल्या खड्याच्या कडेने पातळ मल मुलाच्या नकळत झिरपतो. त्यासाठी रागावणे म्हणजे नाक गळते म्हणून शिक्षा करणे.

अशा वेळी केवळ पपई आणि पाणी पुरत नाही. बालरोगतज्ज्ञ आधी साचलेला मल मोकळा करतात, मग पॉलिएथिलीन ग्लायकॉलसारखे मल मऊ ठेवणारे औषध काही महिने देतात. सवय लागेल या भीतीने पालक ते पंधरवड्यात थांबवतात आणि सारे पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. जेवणानंतर आतड्यांची हालचाल वाढते; तेव्हा मुलाला पाच-दहा मिनिटे शौचाला बसवावे. कमोडवर पाय लोंबकळू नयेत म्हणून खाली पाट ठेवावा.

जन्मानंतर पहिली शी ४८ तास उलटूनही झाली नसेल, पोट फुगून उलट्या होत असतील किंवा वजन वाढत नसेल, तर मात्र तपासणी लांबवू नये.