आजोबांची पितळी

आमच्या घरात आजोबांची पितळी अजून आहे. काठ असा उंच, की तीन भाकऱ्या चुरून वर कालवण ओतलं तरी थेंब सांडत नाही. लालबागच्या चाळीतून आजोबा गिरणीच्या भोंग्याआधी निघत. आठ तास साचेखात्यात उभे, तुटला धागा जोडायला या साच्यावरून त्या साच्यावर. गावाहून एकट्यानं आलेल्या कामगारांची जेवणं खाणावळीत. त्या खाणावळी चालवणाऱ्या बायांना प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये ‘अन्नपूर्णा’ संस्थेत एकत्र आणलं. भात, चपाती, उसळ पोटभर, आणि ते पोट पुढच्या पाळीपर्यंत रिकामं होत असे.

घरातही बसून कोण होतं? आजी नळावरून पाणी भरायची, पाट्यावर वाटण वाटायची, कपडे धोपटायची.

१८ जानेवारी १९८२ ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. काही महिन्यांत पितळीतली भाकरी एकावर आली. नंतर आजोबा एका इमारतीत वॉचमन झाले, स्टुलावर बसून. पगार बेताचा, पण भाकऱ्या पुन्हा तीन. पोट सुटलं, पुढे साखर निघाली.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२० च्या तक्त्यात ६५ किलोच्या पुरुषाला बैठ्या कामात रोज २११० उष्मांक लागतात, मध्यम कष्टाच्या कामात २७१०. फरक सहाशेचा. म्हणजे साधारण तीन मोठ्या भाकऱ्या! एवढं चालून जिरवायचं तर अडीच तास भराभर चालावं लागेल. साचे गेले, भाकऱ्या राहिल्या.

वडील बँकेत लागले. वजन बेताचं, त्यामुळे ‘आपल्याला काय होतंय’ हा भरवसा. २००४ मध्ये पुण्याच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी एका ब्रिटिश सहकाऱ्याशेजारी उभं राहून काढलेला फोटो ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजन, २२.३, पण चरबी सहकाऱ्याच्या अंगात ९ टक्के, याज्ञिकांच्या २१. आपली चरबी काट्यावर दिसत नाही, पोटाशी बसते. म्हणून २००९ मध्ये भारतीयांसाठी जादा वजनाची बीएमआयची रेषा २५ वरून २३ वर आणली गेली. कंबरेची मर्यादा पुरुषांना ९० सेंटीमीटर, बायकांना ८०. वडिलांची पँट तेव्हा दोनदा सैल करून झाली होती.

माझं ऑफिस लोअर परळला, जुन्या गिरणीच्या जागेवर. लिफ्टने वर जातो, खुर्चीत बसतो, चार वाजता वडापाव खातो. तेवढ्याचाच हिशोब चुकता करायला तासभर चालावं लागतं, हे कळल्यावर वडापाव शनिवारवर ढकलला आणि करी रोडला उतरून ऑफिसपर्यंत पायी जाऊ लागलो.

जेवतो अजून त्याच पितळीत. भाकरी एक, बाकी जागा पालेभाजीला आणि मटकीला. आईला ते पाहवत नाही. “एवढंच? अजून अर्धी घे की!” पाळीवरून आलेल्या माणसाला वाढण्याची तिच्या हाताला सवय आहे.