सूर मोजणारी वही
सोलापूर जिल्ह्याच्या माळशिरस तालुक्यातील वेळापूर हे खो-खोपटूंचे गाव म्हणून परिचित असून, तेथील रामजी कश्यप २०२२ साली पुण्यात झालेल्या अल्टिमेट खो-खो लीगच्या पहिल्या हंगामात चेन्नई क्विक गन्सकडून खेळला आणि जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत विश्वचषक जिंकणाऱ्या भारतीय संघातही होता. मातीवर वाढलेला हा खेळ अशा रीतीने मॅटवर आणि व्यावसायिक संघांपर्यंत पोहोचला असताना, खेळाडूच्या शरीरावर पडणाऱ्या ताणाचा हिशेब ठेवणे आता टाळता येणार नाही.

हा ताण दोन ठिकाणी विशेष जाणवतो. हुलकावणी देताना संरक्षक भरधाव पळता पळता एकाएकी दिशा बदलतो, त्या क्षणी पाऊल जमिनीला घट्ट धरलेले राहून वरचे शरीर वळले, तर गुडघ्यातील लिगामेंट, म्हणजे दोन हाडांना बांधून ठेवणारा चिवट पट्टा, फाटू शकतो. आणि मातीत पाऊल थोडे तरी घसरते, तसे ते मॅटवर सहजी घसरत नाही. आक्रमकाचे दुखणे निराळे असते. खांबाला एका हाताने धरून सूर मारताना सगळ्या शरीराचा झोका त्याच खांद्यावर येतो, तर आकाशी सूर, म्हणजे हवेत झेपावून मारलेला सूर, मारल्यावर कोपर, छाती आणि कमरेचे हाड एकदम आपटते. कोपराचे सालटे निघालेले दिसते. खांद्याच्या आत साचत जाणारी झीज दिसत नाही.

बेसबॉलने अशीच न दिसणारी झीज आकड्यात पकडली. चेंडू फेकणाऱ्या खेळाडूच्या कोपराचे लिगामेंट वारंवारच्या फेकींनी झिजते, म्हणून अमेरिकेतील मार्गदर्शक नियमांनुसार १७-१८ वर्षांच्या मुलाने दिवसात १०५ पेक्षा अधिक फेकी करू नयेत, आणि ८१ किंवा त्याहून अधिक फेकी झाल्यास चार दिवस विश्रांती घ्यावी. खो-खोतील सुरांनाही अशी मोजदाद लागू करता येईल, आणि त्यासाठी सरावाला एक वही पुरे: कोणी किती सूर मारले, दुसऱ्या दिवशी काय दुखले, आणि पूर्वी कोठे दुखापत झाली होती. यांतली शेवटची नोंद सर्वांत मोलाची, कारण एकदा दुखावलेला भाग पुन्हा दुखावण्याचा धोका अधिक असतो. गुडघ्यातील फाटलेल्या लिगामेंटच्या शस्त्रक्रियेनंतर नऊ महिने थांबावे, आणि त्यानंतरही एका पायावरची लांब उडी दोन्ही पायांनी वेगवेगळी मारून मोजून पाहावी. दुखावलेल्या पायाची उडी दुसऱ्याच्या नऊ-दशांशांपर्यंत पोहोचेपर्यंत त्या खेळाडूला मैदानात उतरवू नये, मग अंतिम सामना उद्यावर आलेला असो.