नमुना आणि माल

हिंगणघाटच्या बाजार समितीत कापसाची गाडी लागली की व्यापारी मूठभर कापूस हातात घेऊन धागा पाहतो आणि मग बोली लावतो. गाडी रिकामी होताना तळाशी ओला माल निघाला, तर भावावरून वाद ठरलेला. माल नमुन्याप्रमाणे असावा, हे आमच्या वर्धा जिल्ह्यातल्या शाळकरी पोरालाही कळते. मग व्हिडिओ गेमला हा नियम का नको?

आमच्या वर्गातली मुले ईदीचे पैसे जपून नव्या गेमची वाट पाहतात. गेम बाजारात येण्याच्या कितीतरी आधी त्याची देखणी झलक दाखवली जाते आणि पुष्कळ जण तेवढ्यावरच आगाऊ पैसे भरतात. २०१६ मध्ये 'नो मॅन्स स्काय' आला, तेव्हा जाहिरातीत दाखवलेले बरेच काही त्यात नाही, अशी ओरड झाली. ब्रिटनमधील जाहिरात नियंत्रक संस्थेने तक्रारी तपासल्या, पण कंपनीला दोषी धरले नाही. कंपनीने मात्र पुढे अनेक वर्षे मोफत सुधारणा देऊन गेम भरून काढला. डिसेंबर २०२० मधील 'सायबरपंक २०७७' जुन्या प्लेस्टेशनवर इतका अडखळला की सोनीने तो आपल्या दुकानातून काढला आणि ग्राहकांना पैसे परत देऊ केले.

असाच एक वाद आपल्या महाराष्ट्रातून सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. तो गेमचा नव्हता, सिनेमाचा होता. २०१६ च्या 'फॅन' चित्रपटाच्या झलकेत 'जबरा फॅन' हे गाणे होते, चित्रपटात नव्हते. औरंगाबादच्या एका शिक्षिकेने मुलांचा हिरमोड झाला म्हणून ग्राहक मंचाकडे तक्रार केली. जिल्हा मंचाने ती फेटाळली. राज्य आयोगाने २०१७ मध्ये १०,००० रुपये भरपाई आणि ५,००० रुपये खर्च मंजूर केला; राष्ट्रीय आयोगाने २०२० मध्ये तो निर्णय कायम ठेवला. पण २२ एप्रिल २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला. झलक ही तिकीट घ्यायला उत्तेजन देण्यासाठी असते, तो काही करार नव्हे, आणि कलाकृतीत निर्मात्याला मोकळीक हवी, असे न्यायालयाने म्हटले.

ही मोकळीक आम्हालाही मान्य आहे. गेम घडत असताना त्यात बदल होणारच. साध्या यंत्रावर तो चालावा म्हणून चित्रांची झळाळी कमी करावी लागते, एखादा टप्पा जमला नाही तर गाळावा लागतो. यात फसवणूक नाही. बदल ठाऊक असूनही जुनीच झलक दाखवून पैसे घेत राहणे, ही मात्र आमच्या मते फसवणूक आहे. कायद्याने करार मोडला नसेल, पण मुलाचा विश्वास मोडतो.

हनफी फिकहमध्ये 'खियार-ए-रुयत' आहे. न पाहता घेतलेला माल पाहिल्यावर नाकारण्याची मुभा खरेदीदाराला मिळते. नमुना पाहून घेतलेला माल नमुन्याहून हलका निघाला, तरीही मुभा राहते. विक्रेत्याने बदल करावा, पण तो वेळेवर सांगावा आणि नापसंत असल्यास पैसे परत करावेत. आमची मागणी याहून जास्त नाही.

तोवर अम्मी-अब्बूंनी काही गोष्टी पाळाव्यात. आगाऊ पैसे भरू नयेत. गेम आल्यावर आठवडाभर थांबून सामान्य खेळाडूंनी केलेले चित्रण पाहावे. परतीचे नियम आधी वाचावेत. 'स्टीम'वर साधारणतः खरेदीपासून १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळलेल्या गेमचे पैसे परत मिळतात. जाहिरात दिशाभूल करणारी वाटली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ क्रमांकावर तक्रार नोंदवता येते.

आणि पैसे देण्याआधी मुलाला एवढेच विचारावे: बेटा, तू गेम पाहिलास की नुसती झलक?