नवव्या महिन्यातलं गाठोडं
लेखमाला : पाळणा हलण्याआधी (भाग 8)

जुनं सुती पातळ फाडताना एक लांब, कोरडा आवाज येतो. काठाला कात्रीनं छोटा चिरा द्यायचा आणि दोन्ही हातांनी ओढायचं. कापड धाग्याच्या रेषेत सरळ फाटत जातं. मागच्या महिन्यात कोल्हापुरात आमच्या घरी हा आवाज दुपारभर चालला होता. पुतणीला नववा लागलेला. पहिलं बाळंतपण, म्हणून ती माहेरी आलेली. आत्तीनं ट्रंकेच्या तळातली पातळं काढली, चुलत्यांची दोन धोतरं काढली आणि हात-हातभर लांबीचे चौकोन फाडायला घेतले. पुतणीनं मोबाइलवर बाळाच्या नव्या कपड्यांचा संच दाखवला, तर आत्ती म्हणाली, "नवं आणू नकोस बाई. बाळाच्या अंगाला जुनंच मऊ लागतंय."

बाळ हाती येईपर्यंत नवं कापड आणायचं नाही, पाळणा बांधायचा नाही, ही रीत आजही अनेक घरांत पाळली जाते. तिच्या मुळाशी भीती आहे. बाळंतपणात आई जाताना किंवा पाचवीच्या आत पाळणा रिकामा होताना ज्यांनी पाहिलं, त्यांनी ती पुढे दिली. त्या बायकांचं दुःख खरं होतं. पण या रितीमुळे एक तोटाही होतो. कपड्यांबरोबर बाकीची तयारीही "बाळ आल्यावर बघू" म्हणून राहून जाते, आणि बाळ आल्यावर बघायला कुणाला सवड नसते.

मागच्या भागात आपण आठव्या महिन्यातल्या तपासण्या पाहिल्या. आज गाठोडं बांधू. दुपटी, झबली, टोपडी सगळेच भरतात. मला त्याच गाठोड्यात चार ठरलेल्या गोष्टी हव्या आहेत : ऊब, चीक, वाट आणि उंबरा.

ऊब

आईच्या पोटात बाळ 37 अंश सेल्सिअसच्या उबेत असतं. बाहेर येतं ते ओलं, आणि आपल्या खोलीच्या हवेत. त्याच्या वजनाच्या मानानं कातडीचं क्षेत्रफळ मोठ्या माणसाच्या जवळपास तिप्पट असतं, अंगावर चरबी थोडी, आणि आपल्यासारखं कुडकुडून उष्णता निर्माण करणं त्याला जमत नाही. डोकं शरीराच्या लांबीच्या जवळपास एक चतुर्थांश, म्हणून उघड्या डोक्यातून बरीच ऊब जाते. आपल्या आज्यांनी कुंची शिवली ती याच अनुभवातून.

म्हणून क्रम असा : बाळ जन्मलं की लगेच कोरड्या कापडानं पुसायचं, ओलं कापड बाजूला टाकायचं, आईच्या उघड्या छातीवर ठेवायचं, डोक्यावर टोपडं, वरून दुपटं. पहिली अंघोळ किमान 24 तास पुढे ढकलायची. वजन अडीच किलोपेक्षा कमी असेल, तर आईच्या छातीशी दिवसातले बरेच तास बांधून ठेवण्याची जी पद्धत आहे, तिला आपल्याकडे कांगारू मातृसेवा म्हणतात. 1978 मध्ये कोलंबियातल्या बोगोटा शहरात इन्क्युबेटर पुरेनात, तेव्हा डॉ. एडगर रे यांनी ती सुरू केली. आज मोठ्या रुग्णालयांतही ती वापरली जाते. बाप, आजी, मावशीही बाळाला असं छातीशी घेऊ शकतात.

आत्तीचं जुनं कापड इथं पूर्ण बरोबर ठरतं. शंभर वेळा धुतलेल्या सुती पातळातली खळ आणि सुटा रंग निघून गेलेला असतो, ते पाणी चटकन शोषतं आणि कातडीला घासत नाही. फक्त फाडल्यावर ते गरम पाण्यात उकळून कडक उन्हात वाळवायचं. बाळ दिवसातून आठ-दहा वेळा तरी ओलं करतं, त्यामुळे दोन-अडीच डझन बाळोती लागतात. पावसाळ्यात ती वाळत नाहीत, म्हणून डझनभर जास्त ठेवायची आणि ओलसर असतील तर इस्त्री फिरवायची. नवं झबलं आणलंच, तर एकदा धुऊन मगच घालायचं. खाली वाकळ, वर दुपटं, एवढं पुरतं. तोंडावर काही ओढायचं नाही.

उबेच्या नावाखाली बंद खोलीत कोळशाची शेगडी मात्र नको. कोळशातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला वास नसतो, रंग नसतो, आणि दारं-खिडक्या लावलेल्या बाळंतिणीच्या खोलीत तो आई-बाळ दोघांच्याही जिवावर येऊ शकतो. धुरीनं बाळाच्या कोवळ्या फुप्फुसांना त्रास होतो. शेक द्यायचाच तर बाळंतिणीच्या कमरेला गरम पाण्याच्या पिशवीनं द्या.

चीक

गाठोड्यात आत्तीनं मधाची छोटी बाटली ठेवली होती. सोन्याच्या अंगठीनं बाळाला पहिला मध चाटवायचा, ही तिच्या सासरची रीत. मी तिच्याशी वाद घातला नाही. आत्तीनं गावाकडं तीस वर्षं म्हशी सांभाळल्या, सकाळ-संध्याकाळ डेअरीला दूध घातलं. तिला विचारलं, "म्हैस व्याली की रेडकाला पहिल्यांदा काय पाजायचीस?"

"चीकच की," ती लगेच म्हणाली. "धार काढायच्या आधी त्याला लावायचं. न्हाई पाजलं तर रेडकू उभारी धरत न्हाई."

बोलता बोलता तिचा हात थांबला. थोड्या वेळानं तिनं बाटली उचलली आणि स्वयंपाकघरातल्या फळीवर ठेवून आली.

गोकुळच्या दुधावर संसार उभे राहिलेल्या या जिल्ह्यात रेडकाचा चीक कुणी टाकून देत नाही. बाईच्या पहिल्या दाट, पिवळसर दुधाचं मोल तसंच आहे. त्यात रोगाशी लढणारी प्रतिद्रव्यं ठासून असतात. ती बाळाच्या आतड्याला आतून अस्तर लावतात. पहिल्या दिवशी बाळाला एका वेळी चमचाभर चीकही पुरतो, म्हणून "दूधच येत नाही" असं म्हणत वरचं दूध देण्याची घाई नको. बाळ जितकं ओढेल तितकं दूध उतरतं. जन्मल्यापासून तासाभरात अंगावर घ्यायचं, सिझेरियन झालं तरी शक्य तितक्या लवकर. पुढे सहा महिने आईचं दूधच. पाणी नको, घुटी नको, ग्राइपवॉटर नको. मध तर वर्षभर नकोच. त्यात असणाऱ्या जंतूंच्या बीजाणूंमुळे तान्ह्या बाळाला बोट्युलिझम नावाचा स्नायू लुळे पाडणारा आजार होऊ शकतो.

पहिल्या काही दिवसांत बाळाचं वजन सात ते दहा टक्क्यांपर्यंत उतरतं आणि साधारण दोन आठवड्यांत भरून निघतं. हे आधी माहीत असलं की घरात घबराट होत नाही. पाचव्या-सहाव्या दिवसापासून चोवीस तासांत सहा ते आठ वेळा लघवी होत असेल, तर दूध पुरतंय असं समजावं.

वाट

डॉक्टरांनी दिलेली तारीख म्हणजे शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजलेले 280 दिवस. नेमकी त्याच दिवशी होणारी बाळंतपणं शंभरात पाचच्या आसपास. म्हणून पिशवी छत्तिसाव्या आठवड्यात दाराशी हवी. कळा नियमित आणि पाच-पाच मिनिटांनी येऊ लागल्या की निघायचं. पाणी गेलं, अंगावरून रक्त जाऊ लागलं, डोकं खूप दुखून डोळ्यांसमोर अंधारी आली, झटका आला किंवा बाळाची हालचाल मंदावली, तर कळांची वाट न पाहता त्याच क्षणी निघायचं.

कुठं जायचं आणि कुठल्या वाटेनं, हे कोल्हापूर जिल्ह्यात ऋतू पाहून ठरवावं लागतं. तारीख जुलै-ऑगस्टची असेल तर पंचगंगा विचारात घ्यायलाच हवी. राजाराम बंधाऱ्यावर 39 फुटांना इशारा पातळी, 43 फुटांना धोका पातळी. 2019 आणि 2021 या दोन्ही महापुरांत पाणी 55 फुटांच्या वर गेलं, शिरोलीजवळ पुणे-बेंगळुरू महामार्ग बंद पडला. गगनबावड्याची वाट तर मांडुकली-लोंघेजवळ पाणी आलं की दरवर्षीच तुटते. चिखली, आंबेवाडी, शिरोळ तालुक्यातली नदीकाठची गावं यांना हे नवं नाही. माझं सांगणं एवढंच : घरात नववा महिना असेल, तर 39 फुटांची बातमी आली की बाईला रुग्णालयाच्या बाजूच्या नातेवाइकाकडं हलवा. 43 ची वाट पाहू नका. नावेतून बाळंतीण न्यायची वेळ येऊ नये, हे आपल्या हातात आहे.

तारीख हंगामातली असेल तर दुसरी गोष्ट. दिवाळीच्या आसपास कारखान्यांची धुराडी पेटतात आणि मराठवाड्यातून ऊसतोडीच्या टोळ्या येतात. कोपीत राहणाऱ्या कितीतरी बायका पोटुशा असतात. त्यांनी गावाकडून माता व बाल संरक्षण कार्ड सोबत आणलेलं असेल, तर इथली आशाताई आणि इथलं आरोग्य केंद्र पुढची तपासणी तिथूनच सुरू करू शकतं. फडाशेजारी घर असणाऱ्यांनी तोडीला आलेल्या बाईला "कार्ड हाय का?" एवढं जरूर विचारावं. नसेल तर तिला गावातल्या आशाताईंची गाठ घालून द्यावी.

गाडीसाठी 102 आणि 108 हे दोन क्रमांक भिंतीवर लिहून ठेवा. 2011 पासून जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात सरकारी रुग्णालयातलं बाळंतपण मोफत आहे : सिझेरियन, औषधं, तपासण्या, रक्त, जेवण आणि घरून रुग्णालयात नेण्या-आणण्याची गाडीसुद्धा. पिशवीत कार्ड, सगळे रिपोर्ट, आधार, बँकेचं पासबुक आणि रक्तगटाची चिठ्ठी ठेवा. त्याच गटाच्या दोन माणसांना आधीच सांगून ठेवा.

कोल्हापुरात आज जिथं छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय आहे, ते संस्थानकाळात आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटल होतं. शाहू महाराजांच्या काळात डॉ. कृष्णाबाई केळवकर तिथं बायकांवर उपचार करत. पुरुष डॉक्टरसमोर येण्यापेक्षा घरात मरण पत्करणाऱ्या बायकांच्या काळात रुग्णालयात एक बाई डॉक्टर असणं म्हणजे केवढा आधार! ती वाट तेव्हा उघडली. आज तिच्यावर वेळेत पाऊल टाकणं तेवढं आपल्याला ठरवायचं आहे.

उंबरा

चौथी गोष्ट घराच्या उंबऱ्याची. कुणाला आत घ्यायचं आणि कुणाला काही दिवस थांबवायचं.

आत घ्यायचं ते आशाताईंना. रुग्णालयातून बाळंतपण करून आल्यावर त्या 3, 7, 14, 21, 28 आणि 42 व्या दिवशी घरी येतात. घरीच बाळंतपण झालं असेल तर पहिल्या दिवशीही. बाळाचं वजन, ताप, श्वास, दूध ओढणं हे सगळं पाहतात. या भेटींचं मूळ आपल्याच महाराष्ट्रात आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या सर्च संस्थेनं 39 गावांत साध्या गावकरी बायकांना नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवलं. नवजात बालमृत्यू 62 टक्क्यांनी कमी झाल्याचा त्यांचा अभ्यास 1999 मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला, आणि 2011 मध्ये देशभर आशाताईंच्या घरभेटी सुरू झाल्या. गडचिरोलीतल्या त्या गावांत सिद्ध झालेली गोष्ट आज तुमच्या दारात चालत येते. आशाताई येतील तेव्हा बाळ झोपलंय म्हणून त्यांना परत पाठवू नका.

थांबवायचं ते सर्दी-खोकला असलेल्यांना, मग ते कितीही जवळचे असोत. पाचवीला, बारशाला माणसं येणारच. पाचवीच्या रात्री सटवाई बाळाचं भाग्य लिहायला येते अशी श्रद्धा आहे, तिच्यासाठी पाट मांडा, दिवा लावा. त्याच दिवशी दाराशी साबण आणि पाण्याची बादली ठेवा, आणि हात धुतल्याशिवाय बाळ कुणाच्या मांडीवर द्यायचं नाही हे घरातल्या थोरल्या माणसानं सांगायचं. लेकीनं किंवा सुनेनं सांगितलं तर लोक रागावतात. आजीनं सांगितलं तर ऐकतात. नाळेवर हळद, तेल, राख काहीच लावायचं नाही. ती कोरडी राहिली की पाच ते पंधरा दिवसांत गळून पडते. डोळ्यांत काजळ नको. दृष्ट लागू नये म्हणून तीट लावायचीच असेल तर तळपायाला लावा.

बाळ दूध ओढेनासं झालं, हातपाय गार पडले, अंग तापलं, श्वास मिनिटाला 60 पेक्षा जास्त झाला, छाती आत ओढली जाऊ लागली, झटके आले, पहिल्याच दिवशी अंग पिवळं झालं किंवा पिवळेपणा तळहात-तळव्यांपर्यंत उतरला, यातलं एकही दिसलं तर बारशाची वाट पाहायची नाही. त्याच वेळी दवाखाना.

या रविवारी

आमच्याकडं त्या दुपारी गाठोडं बांधून झालं. सगळ्यात वर पुतणीनं एक वहीचं पान ठेवलं. त्यावर चार ओळी : रात्री गाडी कोण चालवणार, रक्तासाठी कुणाला फोन करायचा, पहिला आठवडा स्वयंपाक कोण बघणार, आणि दाराशी हात धुवायला कोण सांगणार. शेवटच्या ओळीपुढं आत्तीचं नाव होतं. आत्तीला वाचता येत नाही. पुतणीनं ती ओळ वाचून दाखवली, तेव्हा आत्ती म्हणाली, "हात धुतल्याबिगर तुझ्या बापालासुदिक बाळ देत न्हाई बघ."

ज्यांच्या घरी नववा महिना चालू आहे, त्यांनी या रविवारी सगळ्यांनी मिळून असं एक पान लिहावं. होणाऱ्या बापानं ते लिहायला घ्यावं, म्हणजे जबाबदारी त्याच्याही हातात येईल.

पुढच्या आठवड्यात : कळा सुरू झाल्यापासून बाळाच्या पहिल्या टाहोपर्यंतचे तास, आणि जन्मल्याबरोबर दिल्या जाणाऱ्या लसी.